निळी ढाल, सोनेरी पट्टा

ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे येथील संस्थानी काळचे कागद चाळताना ढालीच्या आकाराची राजचिन्हे वारंवार दृष्टीस पडतात. ही पद्धत मूळची आपली नव्हे. आपल्याकडे घराण्याची ओळख निशाण, शिक्का आणि मोर्तब यांवरून पटे. १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन याच्या अध्यक्षतेखाली दिल्लीस दरबार भरला. त्या प्रसंगी संस्थानिकांना युरोपीय धाटणीच्या चिन्हांची निशाणे देण्यात आली. ती चिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर याने रचली होती. एरवी आपण ती केवळ शोभा म्हणून पाहतो. परंतु वस्तुतः ती वाचावयाची असतात. त्या लिपीची मुळाक्षरे मात्र युरोपातच शोधली पाहिजेत.

ढालीवर वंशपरंपरागत चिन्ह धारण करण्याचा प्रघात पश्चिम युरोपात बाराव्या शतकात रूढ झाला. इंग्लंडात या विद्येची परिभाषा जुन्या फ्रेंचमधून आली. ढालीच्या पृष्ठाला ‘भूमी’ म्हणावे. तिचे वर्ण ठरलेले: सोने व चांदी हे दोन धातू, त्यांची नावे ‘ऑर’ आणि ‘आर्जंट’, रंग मुख्यतः पाच: तांबडा ‘ग्यूल्झ’, निळा ‘अझ्यूर’, काळा ‘सेबल’, हिरवा ‘व्हर्ट’ आणि जांभळा ‘पर्प्यूर’. धातूवर धातू व रंगावर रंग ठेवू नये, हा मुख्य नियम. त्यामुळे चिन्ह दुरूनही स्पष्ट दिसते. उजवे-डावे ठरते ते ढाल धरणाऱ्याच्या अंगाने, पाहणाऱ्याच्या नव्हे. भूमीवर प्रथम साध्या आकृती येतात: उभा पट्टा ‘पेल’, आडवा ‘फेस’, तिरपा ‘बेंड’. हा ‘बेंड’ ढालकऱ्याच्या उजव्या खांद्याकडून डाव्या कुशीकडे उतरतो. जानवे अपसव्य केल्यावर जसे दिसते, अगदी तसा. सिंह, गरुड, धान्याची पेंढी ही चित्रे यांच्या जोडीला येतात. चिन्हाचे शब्दांत केलेले वर्णन म्हणजे ‘ब्लेझन’. ते नेमके असले की कोणत्याही चित्रकाराने तेच चिन्ह काढावे. रेषेचे वळण निराळे असले तरी चालते, शब्द मात्र बदलता कामा नये.

या शब्दांचे मोल किती, हे एका खटल्यावरून कळते. १३८५ साली राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या सैन्यात सर रिचर्ड स्क्रोप आणि सर रॉबर्ट ग्रोव्हनर या दोघांच्या ढालींवर एकच चिन्ह आढळले: ‘अझ्यूर, अ बेंड ऑर’, म्हणजे निळ्या भूमीवर सोनेरी तिरपा पट्टा. वाद वीरधर्माच्या न्यायसभेपुढे गेला. शेकडो साक्षी झाल्या. १३८६ साली कवी जेफ्री चॉसर यानेही साक्ष दिली. फ्रान्सच्या स्वारीत आपण स्क्रोपला याच चिन्हासह पाहिले होते, असे त्याने सांगितले. पुढे लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर एका उताराच्या घराबाहेर तेच चिन्ह टांगलेले पाहून ते स्क्रोपचेच असेल अशी त्याची समजूत झाली. ते ग्रोव्हनरचे आहे हे ऐकून तो चकित झाला.

१३८९ च्या निकालाने चिन्ह स्क्रोपकडे राहिले; ग्रोव्हनरला तेच चिन्ह रुपेरी किनारीसह वापरण्याची मुभा मिळाली. प्रकरण राजापुढे गेले आणि १३९० साली त्याने ही मुभाही काढून घेतली. किनार हे एकाच कुळातील शाखेचे लक्षण. परक्या घराण्याला ती दिल्यास नसलेले नाते सिद्ध झाले असते! ग्रोव्हनर घराण्याने पुढे निळ्या भूमीवर सोनेरी पेंढी घेतली. गमावलेल्या पट्ट्याची आठवण मात्र पाच शतके बुजली नाही. १८८० साली डर्बीची शर्यत जिंकणारा त्या घराण्याचा घोडा ‘बेंड ऑर’ याच नावाचा होता.

एका किनारीपायी राजाला निवाडा द्यावा लागला, कारण किनार ही शोभा नव्हती, विधान होते. कुलचिन्ह म्हणजे नात्याचा आणि हक्काचा दावा. आणि तो टिकतो नेमक्या शब्दांवर व पाहणाऱ्यांच्या स्मरणावर. आपल्या संस्थानांच्या ढालींकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे: कोणती भूमी, कोणता धातू, कोणते चित्र, आणि हा दावा कोणी, कोणासाठी, कोणत्या साली शब्दबद्ध केला? विद्यार्थ्यांकडून असे चिन्ह रेखाटून घेण्यापूर्वी शिक्षकांनी त्याचे वर्णन शुद्ध मराठीत करवून घ्यावे. इतिहासाचा आणि भाषेचा असे दोन्ही पाठ त्यात आपोआप घडतील.