रक्तगुठळी, निश्चलताजन्य

हालचाल थांबल्यावर पायाच्या खोल नीलांत रक्त साकळून होणारी गुठळी. ती सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या रोहिणीत अडकली तर एकाएकी धाप लागते, छातीत दुखते; मोठी असल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. सातारा–सांगलीकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात तो अर्धांगवायू हे तिचे एक मोठे कारण. लुळ्या पायात ती अधिक होते आणि पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात.

कारणे : चालताना पोटरीचे स्नायू पिळल्यासारखे आवळून रक्त वर ढकलतात, पडून राहिल्यास हा पंप थांबतो. १९४० मध्ये लंडनच्या हवाई हल्ल्यांत निवाऱ्यांतील खुर्च्यांवर रात्र काढणाऱ्यांत असे मृत्यू वाढल्याचे कीथ सिम्पसन यांनी नोंदवले. अर्धांगवायूशी गुठळीचा संबंध उलट दिशेनेही असतो : सुमारे चौथाई माणसांत हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील जन्मजात छिद्र पूर्ण बुजलेले नसते, त्यातून पायाची गुठळी क्वचित मेंदूत पोचून अर्धांगवायू होतो. भारतीयांत गुठळीचा हा विकार विरळ, हे जुने मत आता मागे पडले आहे.

मिरज : पाय मोडलेल्यांची निश्चलता कमी करण्यात महत्त्वाचे नाव डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचे. इलिझारोव्ह पद्धत भारतात रुजवणाऱ्यांत हे मिरजेचे अस्थिशल्यविशारद अग्रणी होत. या पद्धतीत मोडलेल्या पायाभोवती धातूची कडी आणि हाडातून आरपार ताणलेल्या तारा बसवतात. हाड जुळण्याआधीच रुग्ण त्या पायावर भार देऊन चालू लागतो. महिनोन्‌महिने पायाला वजन बांधून खाटेवर पडण्यापेक्षा हे कितीतरी हिताचे, कारण पोटरीचा पंप चालू राहतो.

प्रतिबंध : रुग्णाला लवकर बसवणे, घोटे हलवणे, पुरेसे पाणी, वैद्यकीय सल्ल्याने हेपारिन. अर्धांगवायूत लांब दाबमोज्यांचा उपयोग होत नसल्याचे २००९ च्या चाचणीत दिसले; हवेने फुगून पाय दाबणाऱ्या पट्ट्यांचा होतो, असे २०१३ च्या. एकच पाय सुजून पोटरी दुखत असेल तर तेल लावून चोळू नये. घरोघरी मायेने हेच केले जाते, आणि त्याने गुठळी सुटण्याची भीती असते.

प्रवास : सलग चार तासांहून अधिक बसल्यास धोका सुमारे दुप्पट, प्रत्यक्ष प्रमाण अल्प.