डझनभर मित्रांसाठी ठेवलेली चूक

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त नातवाचं. दिवाळीच्या सुट्टीत आला होता. मराठी शब्दांची यादी अकारविल्हे लावणारा एक छोटासा प्रोग्रॅम त्याने सी भाषेत लिहिला होता आणि तो सगळ्यांसाठी खुला करायचा होता. शब्द तपासायचं काम अर्थातच माझ्याकडे! फोल्डर उघडून पाहतो तर त्याने स्वतः लिहिलेल्या ओळी जेमतेम तीनशे, आणि शेजारी 'कॉन्फिगर' नावाची एक फाइल, हजारो ओळींची.

"हे कुणी लिहिलं रे?"

"कुणी नाही आजोबा, ते आपोआप तयार होतं."

"तू वाचलंस?"

तो हसला. "ते कुणीच वाचत नाही."

जन्मभर वह्या तपासलेल्या माणसाला हे वाक्य झोपू देत नाही. मग काय, पुढचे काही दिवस या 'कुणीच न वाचलेल्या' गोष्टीचा इतिहास शोधण्यात गेले.

आधी मुद्दा समजून घेऊ. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणावा लागतो. फाइली अनेक असतात, एक बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्याही नव्याने घडवाव्या लागतात. पुरणपोळीचंच घ्या. डाळ बदलली तर पुरण पुन्हा शिजवायला हवं, पण मळून ठेवलेली कणीक तशीच चालते. काय बदललं नि काय पुन्हा करायचं, हे ध्यानात ठेवणारं कुणीतरी हवं. घरात ते काम आई करते. संगणकात ते करणारं पहिलं गाजलेलं साधन म्हणजे 'मेक'.

ते जन्मलं १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. त्याची कथा स्टुअर्ट फेल्डमन यांनीच सांगितली आहे. एरिक रेमंड यांच्या २००३ च्या पुस्तकात ती आहे. 'याक' या साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन एके दिवशी चिडून फेल्डमनांच्या खोलीत आले. त्यांची अख्खी सकाळ एका बिनचूक प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. चूक दुरुस्त झालेली होती, पण ती फाइल पुन्हा घडवायचीच राहिली होती! आदल्या संध्याकाळी फेल्डमनही त्याच खड्ड्यात पडले होते. त्यांच्या डोक्यात आधी मोठा बेत होता, मग तो आटत आटत अगदी साधा झाला आणि त्याच शनिवार-रविवारी 'मेक' तयार झालं. प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ पाहायची, जुनं झालेलं तेवढंच पुन्हा करायचं. बस्स.

त्यात एक खोड राहून गेली. आज्ञेची ओळ 'टॅब'नेच सुरू व्हायला हवी. दिसायला तेवढीच मोकळी जागा स्पेसनी सोडली तर चालत नाही. काही आठवड्यांत फेल्डमनांकडे डझनभर वापरणारे जमले, बहुतेक मित्रच. त्यांचं बसलेलं बस्तान मोडायला नको म्हणून टॅब तशीच राहिली. भिडस्तपणाची एवढी दीर्घायुषी खूण इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढे युनिक्सच्या घरात वाटण्या झाल्या. सन, एचपी, आयबीएम, प्रत्येकाची चूल वेगळी. एकच प्रोग्रॅम सगळीकडे चालवायचा तर आधी विचारपूस करायला हवी, तुमच्याकडे हे आहे का, ते आहे का? १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी ही विचारपूस करणारी फाइल आपोआप लिहिणारं 'ऑटोकॉन्फ' सुरू केलं. त्या काळात त्याची गरज खरी होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्यातली बरीचशी यंत्रं भंगारात गेली, प्रश्नावली मात्र राहिली. वाडा पडला तरी दिंडीदरवाजा रोज उघडायचाच, तशातली गत!

याला कंटाळलेलेही निघाले. २००६ साली आलेला 'डीडब्ल्यूएम' हा पडद्यावरच्या खिडक्या लावणारा प्रोग्रॅम घ्या. दोन हजार ओळींच्या आतच राहायचं, असा त्याचा नेमच. घडवण्यासाठी एक छोटी मेकफाइल, आणि जागा-पत्ते बदलायला आणखी एक लहान फाइल. विचारपूस नाही, लागेल ते वापरणाऱ्याने स्वतः वाचून बदलायचं.

मलाही हा हौशी लोकांचा सोवळेपणा वाटला असता. पण २०२४ साली जे झालं ते वाचून मत बदललं. 'एक्सझेड' नावाचं, फाइली दाबून लहान करणारं साधन असंख्य लिनक्स यंत्रांत असतं. टोपणनावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे मदत करून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. त्याचं बिऱ्हाड चाचणीच्या फाइलींत दडवलेलं होतं, आणि ते उघडणारी किल्ली घडवणीच्या लिपीत. ती किल्ली सगळ्यांना दिसणाऱ्या मूळ भांडारात नव्हतीच; वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात तेवढी होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं उघड केलं. अर्ध्या सेकंदाने जग वाचलं म्हणायचं!

साधी मेकफाइल असती तर हे घडलंच नसतं, असं मी म्हणणार नाही. घरभेदी आतला असला की कुलूप काय करणार? पण चोर लपला तो अडगळीत, जिथे कुणी केरसुणी फिरवत नाही तिथे. अडगळ कमी, तर लपायला जागाही कमी. म्हणून माझी कसोटी शाळामास्तराची. नवा माणूस एका बैठकीत ती फाइल वाचून समजू शकतो का? मोठ्या कामाला मोठी साधनं लागतील, लागोत. तीनशे ओळींना नकोत.

असो. नातवाने ती हजारो ओळींची फाइल काढून टाकली आणि बारा ओळींची मेकफाइल लिहिली. चालवली तर पहिल्याच फटक्यात चूक दाखवली! दोघांनी चष्मे पुसून पाहिलं. काहीच दिसेना. शेवटी मीच म्हणालो, "अरे, टॅब दिलीस का?"

बारा ओळी होत्या म्हणून सापडली.