शाळेला गुण कोण देतं आणि कोणासाठी? कुलाब्यापासून रायगडपर्यंतची गोष्ट

जून जवळ आला की अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात बऱ्याच घरांत एकच चर्चा सुरू होते. पोराला गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घालायचं, पलीकडच्या गावातल्या शाळेत घालायचं, की दारात व्हॅन येते त्या इंग्लिश मीडियमला? मग चौकशी होते. एकीकडे कागदावरची श्रेणी असते, दुसरीकडे शेजारणीचा अनुभव. बहुतेक वेळा दोन्ही जुळत नाहीत आणि आईवडील बिचारे मध्ये अडकतात.

माझं मूळ शिक्षण विज्ञानाचं, पीएच.डी. मात्र मोजमापाच्या इतिहासावर चालू आहे. त्यामुळे कुठलाही आकडा दिसला की डोक्यात दोन प्रश्न येतात: हा कशाने मोजला, आणि कोणासाठी मोजला? आज हेच प्रश्न शाळांच्या श्रेणीला लावून बघू.

आधी पैशाचा हिशोब

आपल्याकडे सरकारी शिक्षण खातं आलं ते १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसली, आणि तिचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी ठेवला गेला. याला ‘लोकल फंड’ म्हणत. म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात भाताच्या खाचरावर सारा भरणारा कुळवाडी शाळेचाही खर्च उचलत होता, त्याचं पोर शाळेत जात असो वा नसो. (मुरूड-श्रीवर्धनचा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, त्यामुळे तिथलं दप्तर वेगळं.)

त्याच सुमारास इंग्लंडात एक नवी पद्धत सुरू झाली होती. १८६२ च्या नियमांनुसार शाळेला अनुदान मिळायचं ते बरंचसं निकालावर. एका मुलामागे जास्तीत जास्त १२ शिलिंग. त्यातले ४ हजेरीचे आणि ८ परीक्षेचे. इन्स्पेक्टर येणार, प्रत्येक मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासणार, आणि मूल ज्या विषयात नापास होईल त्यामागे २ शिलिंग ८ पेन्स कापणार. १८६५ मध्ये अलेक्झांडर ग्रँट मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्याचे संचालक झाले, आणि त्यांच्या काळात खाजगी व मिशनच्या शाळांसाठी निकालावर अनुदान देण्याची हीच कल्पना इथे आली.

आता गंमत बघा. ही तपासणी पालकांना शाळा निवडता यावी म्हणून नव्हती. सरकारी तिजोरीतून गेलेल्या पैशाचा हिशोब लागावा, एवढाच तिचा हेतू. आणि ज्यावर पैसे मिळतात तेच शिकवलं जातं! इंग्लंडात शिक्षक ठरलेलं पुस्तक मुलांकडून पाठ करून घेऊ लागले. स्वतः इन्स्पेक्टर असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या यांत्रिकपणावर कडक टीका केली होती.

आपल्याकडे हा दोष नेमका पकडला तो जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितलं की, जिथे शिक्षण अजून पोचलेलंच नाही अशा लोकांसाठी निकालावर अनुदान ही पद्धत उपयोगाची नाही. कारण साधं आहे: अशा वस्तीत स्वतःच्या हिमतीवर शाळा काढणाऱ्या मास्तराचं पोटच भरणार नाही, मग तो शाळा काढेल कशाला? म्हणजे जिथे गरज जास्त तिथे गुण कमी, आणि गुण कमी म्हणून पैसाही कमी. पुढे १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात हिंदुस्थान सरकारनेही या पद्धतीपासून बाजूला होण्याची भूमिका घेतली.

जे तपासणीत येतच नव्हतं

त्या काळच्या एका पालकाचा प्रश्न मात्र कुठल्याच तक्त्यात नव्हता: माझ्या मुलाला वर्गात आत बसू देतील का? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. तो आपल्याला आठवतो पाणवठ्यांसाठी, पण सार्वजनिक शाळाही त्यात होत्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो मान्य केला, अंमलात मात्र आणला नाही. त्यातूनच पुढे २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, तोही याच जिल्ह्यात. एखादी शाळा वाचन-गणितात अव्वल आणि तरीही काही मुलांसाठी बंद असू शकत होती. ही गोष्ट दारात उभ्या पालकालाच कळत होती, कारण तपासणीत ती विचारलीच जात नव्हती.

आजची मापं

आता आजच्याकडे येऊ. २०१५-१६ पासून ‘शाळासिद्धी’ आहे. त्यात ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं: इमारत-पाण्यापासून अध्यापन, मुलांची प्रगती, समावेशन, लोकसहभागापर्यंत. शाळा आधी स्वतःचं मूल्यमापन करते, मग बाहेरचे लोक येऊन बघतात. जुन्या तपासणीपेक्षा हे माप नक्कीच मोठ्या मनाचं आहे. पण मूळ हेतू शाळेने स्वतःला सुधारावं हा आहे. दोन शेजारच्या शाळांची शर्यत लावायला ते केलेलं नाही.

दुसरं माप ‘असर’. २००५ पासून हे सर्वेक्षण मुलांना शाळेत न गाठता घरी जाऊन गाठतं, त्यामुळे शाळेबाहेरची मुलंही त्यात येतात. पण जिल्ह्यात साधारण ३० गावं आणि गावात २० घरं, म्हणजे ६०० घरं. जिल्ह्याचं चित्र कळायला ठीक. तुमच्या गावातली शाळा कशी आहे, हे त्यावरून सांगता येत नाही.

आणि मग येतो लहान आकड्यांचा घोळ. किनाऱ्यावरच्या आणि वाड्यांवरच्या कितीतरी शाळांचा पट अगदी छोटा असतो. समजा चौथीत ८ मुलं आहेत. एक मूल चाचणीच्या दिवशी तापाने घरी राहिलं की निकाल १२.५ टक्क्यांनी हलला. ८० मुलांच्या शाळेत तेच मूल जेमतेम सव्वा टक्का हलवेल. सांख्यिकीचा जुना नियम आहे: पट चौपट झाला की सरासरीतला चढउतार निम्मा होतो. अमेरिकेत हॉवर्ड वेनर यांनी हे शाळांच्या आकड्यांवर दाखवलं. सर्वात वरच्या यादीत लहान शाळा जास्त दिसतात, म्हणून ‘लहान शाळाच चांगल्या’ असा निष्कर्ष काढला गेला होता. पण सर्वात खालच्या यादीतही लहान शाळाच जास्त होत्या! शाळेच्या गुणवत्तेशी त्याचा फारसा संबंध नव्हता, पट छोटा असल्याने आकडा उड्या मारत होता.

हे आपल्याकडे जास्त गंभीर आहे. राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा आहेत, आणि २०२३ मध्ये त्यांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यात भर म्हणजे हजेरी. रायगडमधली अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्या शाळेने या मुलांना पटावर घेतलं, तिची हजेरी पडणार. ज्या शाळेने घेतलंच नाही, तिचा तक्ता स्वच्छ. फुल्यांनी दाखवलेला दोष नव्या कपड्यांत पुन्हा हजर!

मग पालकांचा अनुभव खरा का?

तोही एक मापच आहे, आणि त्यालाही मर्यादा आहेत. एका आईचा अनुभव म्हणजे एकाच मुलाचा नमुना. शिवाय शाळा सोडून गेलेले पालक एक सांगतात, राहिलेले दुसरं. पण काही गोष्टी त्यांनाच माहीत असतात: बदली झालेल्या बाईंच्या जागी कोणी आलं का, पावसात साकवावरून मूल जाऊ शकतं का, पोषण आहार रोज शिजतो का, मागे पडलेल्या मुलाशी शिक्षक कसं बोलतात.

दोन मापं कशी जुळवायची याचा धडा अलिबागच्याच चुंबकीय वेधशाळेत आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने कुलाब्याच्या वेधशाळेतली नोंद बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये काम अलिबागला आणलं. पण जुनी जागा लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, दोन जागांतला फरक नीट समजून घेतला, मग पुढची मालिका जोडली. म्हणून आजही तिथल्या नोंदी जुन्या मालिकेला जोडून वाचता येतात.

शाळा बघतानाही तसंच करा. टक्के विचारू नका, मुलांची संख्या विचारा: कितीपैकी किती? एका वर्षाचा निकाल बघू नका, तीन वर्षांचा एकत्र बघा. पटावरची किती मुलं मध्येच गायब होतात आणि शाळा त्यांच्यासाठी काय करते, हे विचारा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. तिची बैठक शेवटची कधी झाली, तेही विचारा. मग तीन-चार वेगवेगळ्या घरांतल्या पालकांशी बोला, त्यात एक तरी घर असं असू दे जिथलं पहिलं मूल शाळेत जातंय.

दीडशे वर्षं शाळांना गुण देणारे वरून आले आणि वरच्यांसाठीच लिहून गेले. समितीतल्या पालकांनी ठरवलं तर हे प्रश्न दर वर्षी एका वहीत लिहून ठेवता येतील, आणि तीन वर्षांत त्या शाळेची एक नोंद तयार होईल जी गावातल्या पालकांना खरंच वापरता येईल. तुमच्या शाळेत अशी वही असेल तर मला जरूर कळवा, बघायला आवडेल.