बुडणं आणि झिजणं

मराठीत पैसा 'बुडतो'. बँक बुडते, कंपनी बुडते, मित्राला दिलेले उसने पैसे बुडतात. हिशेबाच्या वहीत त्यासाठी 'बुडीत खातं' नावाचं स्वतंत्र पानही असतं. पण नीट जपून ठेवलेला, कुणीही हात न लावलेला पैसा पंचवीस वर्षांत आपोआप लहान होतो, त्याला मात्र पटकन तोंडावर येईल असा शब्द आपल्याकडे नाही. मी त्याला 'झिजणं' म्हणतो. आपल्या मध्यमवर्गीय घरांनी गेल्या दीडशे वर्षांत केलेल्या बचतीचा इतिहास या दोन शब्दांत मावतो, असं मला अलीकडे वाटायला लागलंय. जरा विस्तारानं सांगतो.

सुरुवात मुंबईपासून. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला भलताच भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. एवढ्या पैशाचं करायचं काय? लोकांनी धडाधड कंपन्या काढल्या. बॅकबेचा समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० पर्यंत चढला. १८६५ साली युद्ध संपलं आणि डोलारा कोसळला. ज्यांच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंदही त्यात आडवे झाले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली गुंडाळावी लागली. 'शेअर म्हणजे सट्टा आणि सट्टा म्हणजे जुगार' हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी असलेलं समीकरण बहुधा तिथलंच असावं.

त्यानंतर सामान्य माणसासाठी ज्या सोयी झाल्या त्या छोट्या आणि संथ होत्या. १८७० साली मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही विमा संस्था निघाली. तोवर परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायच्याच नाहीत, आणि उतरवलाच तर जास्तीचा हप्ता लावायच्या. बॉम्बे म्युच्युअलनं नेहमीच्या दरानं विमा द्यायला सुरुवात केली. १८८२ साली पोस्टाची बचत बँक आली. हेड क्लार्क, मास्तर, तलाठी अशा पगारदार माणसाला पहिल्यांदाच घराबाहेर पैसा ठेवायला बरी जागा मिळाली.

बुडण्याची भीती मात्र गेली नाही. १९१३ साली मुंबईची इंडियन स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात बुडाली आणि पुढच्या काही वर्षांत देशभर बँकांची रांगच लागली. स्वातंत्र्यानंतर सरकारनं या भीतीवर एकेक करून औषध काढलं. १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं, ते आपल्या चिंतामणराव देशमुखांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात. २४५ लहानमोठ्या विमा संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं आणि पॉलिसीमागे सरकारची हमी आली. १९६० साली लक्ष्मी बँक आणि पाठोपाठ केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा १९६२ पासून बँक ठेवींना विमा मिळाला. रक्कम? माणशी १,५०० रुपये. हसू नका, तेव्हा ते पुष्कळ होते! मग १९६८ साली पीपीएफ आला आणि १९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारी झाल्या. त्यात आपली महाराष्ट्र बँकही होती.

म्हणजे शंभर वर्षांत बुडण्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. पॉलिसी, पोस्ट, पीपीएफ आणि सरकारी बँकेतली एफडी. आपल्या आईवडिलांच्या पिढीचं सगळं अर्थशास्त्र या चार खांबांवर उभं होतं. ते चूक होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. बुडालेलं ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांनी आधी न बुडणारं शोधलं, हे शहाणपणच.

पण दुसऱ्या शत्रूकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पीपीएफ सुरू झाला तेव्हा व्याज होतं ४.८ टक्के. पाचच वर्षांनी, १९७३-७४ मध्ये, घाऊक महागाई २० टक्क्यांच्या वर गेली. म्हणजे पासबुकात शंभराचे एकशे पाच होत होते आणि बाजारात शंभराची वस्तू एकशेवीसला मिळत होती. दुसरं उदाहरण घेऊ. समजा १९५८ साली एका शिक्षकानं २५ वर्षांची ५,००० रुपयांची पॉलिसी काढली. १९८३ साली ती बोनससकट हातात पडली. पैसे वेळेवर मिळाले, कुणी फसवलं नाही. पण तेवढ्या काळात किमती पाचपटीच्या वर गेल्या होत्या. पॉलिसी काढताना मास्तरांच्या मनात गावाकडचं दोन खोल्यांचं घर असेल तर पैसे मिळाले तेव्हा त्यात घराचा पायाही निघणं कठीण.

आमच्या आजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आहेत. अक्षर मोत्यासारखं, रोजच्या रोज नोंद, महिनाअखेरीस ताळा. पगार हातात आला की आधी शिल्लक बाजूला आणि उरलेल्यात घर. आजकालच्या पुस्तकांत 'आधी स्वतःला पैसे द्या' म्हणून जे शिकवतात ते आजोबा कुठलंही पुस्तक न वाचता करत होते. त्या वह्या चाळताना एक गंमत दिसते. डावीकडच्या पानावर दुधाचा, रॉकेलचा, तुरीच्या डाळीचा भाव दर काही महिन्यांनी वर सरकतो. उजवीकडच्या पानावर पोस्टातली शिल्लक हळूहळू वाढते. दोन्ही पानं एकाच माणसानं, एकाच शाईनं लिहिलेली. झिजण्याचा अख्खा पुरावा त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवला होता. फक्त ती दोन पानं एकमेकांशेजारी ठेवून वाचायची त्या काळी पद्धत नव्हती.

मग आला तो सुवर्णकाळ. १९८६ ते जानेवारी २००० पर्यंत पीपीएफवर १२ टक्के व्याज होतं. इंदिरा विकास पत्र पाच वर्षांत दुप्पट, किसान विकास पत्र साडेपाच वर्षांत दुप्पट! १२ टक्क्यांतले आठ-नऊ तर महागाईच खात होती, पण खाली तीन-चार उरत होते आणि ते भरपूर वाटत होते. 'व्याजावर म्हातारपण काढू' हा विश्वास या चौदा वर्षांत पक्का झाला. खरं तर तो व्याजदर निसर्गनियम नव्हता, तो सरकारनं ठरवलेला आकडा होता. जानेवारी २००० मध्ये १२ चे ११ झाले आणि मार्च २००३ मध्ये ८. जे १९९९ साली निवृत्त झाले आणि ज्यांनी उरलेल्या आयुष्याचं गणित १२ टक्क्यांवर मांडलं होतं, त्यांचं काय झालं असेल? आपल्या सगळ्यांच्या ओळखीत असं एकतरी घर आहे. भांडण नाही, घोटाळा नाही. फक्त दरवर्षी एकेक गोष्ट बंद होत गेली. आधी काशीयात्रा, मग दिवाळी अंक, मग रिक्षा.

तुम्ही म्हणाल, मग शेअर घ्यायचे होते. तेही बघू. सेन्सेक्स १९७९ साली १०० होता, एप्रिल १९९२ मध्ये ४,४०० च्या वर गेला. तेवढ्यात हर्षद मेहताचं प्रकरण बाहेर आलं. मधे २००० साली एक उसळी येऊन गेली, तरी एप्रिल २००३ मध्ये तो ३,००० च्या आसपास होता! अकरा वर्षं वाट पाहून मुद्दलही नाही. सोनं? १९८० साली दहा ग्रॅम साधारण १,३०० रुपये, २००० साली साधारण ४,४००. वर्षाला जेमतेम सहा टक्के. आजीच्या पाटल्याही वीस वर्षं झिजतच होत्या. आणि 'सरकारी म्हणजे सुरक्षित' म्हणून लोकांनी डोळे मिटून घेतलेली युनिट ट्रस्टची यूएस-६४? १९६४ पासूनची ती योजना जुलै २००१ मध्ये अचानक गोठवली गेली. १४ रुपयांच्या आसपास घेतलेलं युनिट विकताच येईना. मोठ्या कंपन्या त्याआधीच पैसे काढून बाहेर पडल्या होत्या. आत राहिले ते निवृत्त लोक.

मात्र त्याच सेन्सेक्सनं जुलै २०२४ मध्ये ८०,००० ओलांडले. १९७९ पासून धरलं तर वर्षाला सुमारे १६ टक्के, लाभांश वेगळा. अर्थात या आकड्यातही मेख आहे. बुडालेल्या कंपन्या यादीतून काढतात आणि नव्या घेतात, त्यामुळे निर्देशांक सहसा बुडत नाही, एकेकटी कंपनी बुडते. म्हणूनच एका शेअरवर सगळं लावणारा आणि दर महिन्याला थोडं थोडं सगळ्या बाजारात घालणारा, या दोघांना एकाच 'जुगारी' शब्दात बसवणं बरोबर नाही.

शेवटी सगळ्यात बोलका आकडा. ठेवींचा विमा १९९३ साली एक लाख झाला आणि २०२० पर्यंत एक लाखच राहिला. सात टक्के महागाई धरा, त्या लाखाची किंमत १९९३ च्या हिशेबानं १६,००० च्या आसपास उरली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. लोक दारात रांगा लावून रडत होते, तेव्हा कुठे फेब्रुवारी २०२० मध्ये ही मर्यादा पाच लाख झाली. बुडण्यापासून वाचवणारी छत्रीच सत्तावीस वर्षं झिजत होती, आणि पाऊस येईपर्यंत कुणी वर पाहिलं नाही.

तेव्हा मंडळी, मला यातून एवढंच दिसतं. उद्या, परवा, येत्या दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा बुडता कामा नये. तो झिजला तरी चालेल, म्हणून तो बँकेत, पोस्टात. पंधरा-वीस वर्षांनी लागणारा पैसा झिजता कामा नये. तो मधेच गटांगळ्या खाईल, पण ते सोसायला आपल्याकडे वेळ आहे. आजोबांच्या पिढीनं पहिलं शिकवलं, दुसरं आपल्याला शिकायचंय. आणि दोन्हीच्या आधी लागते ती शिल्लक. ती अजूनही पगाराच्या दिवशी, घरखर्चाच्या आधीच बाजूला काढावी लागते. त्याला १८८२ सालीही पर्याय नव्हता.

भाचे मंडळींपैकी ज्यांची पहिली नोकरी लागली आहे त्यांनी हे जरूर वाचावं. आणि घरातल्या ज्येष्ठांकडे जुनी पासबुकं, इंदिरा विकास पत्रं, युनिटची सर्टिफिकेटं पडली असतील तर टाकू नका. एकदा दाखवा, म्हणजे त्यांच्या शेजारी त्या वर्षीचा डाळीचा भाव लिहून ठेवू.