कोबीवरील अळ्यांचे विषाणूजन्य नियंत्रण
कोबीची पाने खाणाऱ्या स्पोडोप्टेरा अळीवर एसएलएनपीव्ही हा विषाणू फवारतात. पानासोबत तो अळीच्या पोटात जातो. तेथील अल्कधर्मी रसात त्याचे प्रथिनकवच विरघळते व तो पेशींत वाढतो. अळीचे खाणे मंदावते, ती शेंड्याकडे चढते आणि काही दिवसांत मागच्या पायांवर उलटी लटकून मरते. कातडी फाटून गळणाऱ्या द्रवातून इतर अळ्यांना लागण होते. उन्हातील अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो, म्हणून फवारणी सायंकाळीच करावी. या किरणांपासून बचावासाठी महाराष्ट्रात द्रावणात नीळही मिसळतात. मोठ्या अळ्या सहजी दाद देत नाहीत. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगावर, म्हणजे कोबीच्या दुसऱ्या किडीवर, हा विषाणू निरुपयोगी. मात्र माणसाला व मित्रकीटकांना तो अपाय करत नाही, त्यामुळे काढणीला आलेल्या गड्ड्यांसाठी रासायनिक औषधापेक्षा तोच श्रेयस्कर.