तंतू-रेझिन संमिश्रे

ओढ सोसणारे तंतू आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे रेझिन यांपासून तयार होणारा पदार्थ. कारखान्यात याला सरसकट ‘फायबर’ म्हणतात. पाण्याची टाकी, बसचा बंपर, मासेमारीची होडी या सगळ्यांना हा एकच शब्द पुरतो. भाग बनवून घेणारा सहसा तंतूचे नाव विचारतो, रेझिनचे विचारत नाही. मात्र दाब, थरांमधली पकड, पाणी, रसायने आणि उष्णता यांचा मारा प्रामुख्याने रेझिनवरच येतो.

तंतू : काचतंतू सर्वांत स्वस्त, घनता सुमारे 2.5, दृढता सुमारे 70 गिगापास्कल, म्हणजे जवळपास ॲल्युमिनियमइतकी. हा आकडा नुसत्या तंतूचा आहे. हाताने घातलेल्या मॅटच्या थरात तंतू वाटेल त्या दिशांना विखुरलेले असतात आणि वजनाचा दोनतृतीयांश भाग रेझिनचा असतो. त्यामुळे तयार भागाची दृढता जवळपास दहाव्या हिश्श्यावर येते. कार्बनतंतूची घनता 1.8 आणि नेहमीच्या प्रतीची दृढता सुमारे 230 गिगापास्कल असते. तो ताठ, हलका आणि महाग असतो, आघाताने ठिसूळपणे तुटतो. शिवाय तो वीजवाहक आहे. ॲल्युमिनियमला थेट टेकवून बसवला आणि ओल लागली की ॲल्युमिनियम गंजते. म्हणून मध्ये काचतंतूचा थर घालतात. रडारच्या आवरणाला कार्बन चालत नाही, काचतंतू चालतो. ॲरॅमिड (केव्हलार, 1965 मध्ये स्टेफनी क्वोलेक यांचा शोध) ओढीला आणि आघाताला उत्तम, दाबाला कच्चा; साध्या कात्रीला तर तो दादच देत नाही.

रेझिन : पॉलिएस्टर स्टायरीनमध्ये विरघळवलेले असते, शेडमध्ये पाऊल टाकताच येणारा उग्र वास त्याचाच. त्यात साधारण 1 ते 2 टक्के कॅटलिस्ट घालतात. हवामान पाहून कारागीर हे प्रमाण थोडे कमीजास्त करतो. एपॉक्सीला ही सवलत नाही. तिचा हार्डनर स्वतःच विक्रियेत खर्ची पडतो, त्यामुळे ‘लवकर सुकावे’ म्हणून तो जास्त ओतला तर भाग कायमचा मऊ आणि कमकुवत राहतो. वजनकाटा वापरणे, हाच इथला खरा नियम. घट्ट होताना पॉलिएस्टर बरेच आकसते आणि तंतूंची वीण पृष्ठभागावर उमटते. एपॉक्सी कमी आकसते, अधिक घट्ट चिकटते, पण महाग पडते आणि उन्हात पिवळी पडते. व्हिनाइल एस्टर वापरायला पॉलिएस्टरसारखे, टिकायला एपॉक्सीच्या जवळचे. आम्लाच्या टाक्यांसाठी त्याला पसंती असते.

जोडी चुकण्याचे नेहमीचे उदाहरण मॅटचे. तिच्यातले तंतू एकत्र धरणारा डिंक बहुधा स्टायरीनमध्ये विरघळेल असा असतो. एपॉक्सीत स्टायरीन नसते, त्यामुळे तशी मॅट साच्याच्या कोपऱ्यात नीट बसत नाही. एपॉक्सीसाठी विणलेले किंवा शिवलेले कापड घ्यावे. स्वस्त पॉलिएस्टरच्या होडीत पाणी मुरून जेलकोटखाली (बाहेरच्या रेझिनच्या थराखाली) फोड येतात, तेही रेझिनचेच दुखणे. पॉलिएस्टरचा कॅटलिस्ट पेरॉक्साइड असतो. तो आणि विक्रियेचा वेग वाढवणारा कोबाल्ट प्रवेगक एकमेकांत थेट कधीच मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरा घालतात.

उपयोग : बोइंग 787 च्या वजनाचा सुमारे निम्मा भाग संमिश्रांचा आहे, तिथे आधीच रेझिन भिनवलेले आणि गोठवून ठेवलेले कार्बन कापड दाबभट्टीत पिकवतात. होडीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही आणि लागतही नाही. गोव्यात दिवाडी येथे बांधलेली नौदलाची शिडाची नौका ‘म्हादेई’ लाकडी गाभ्यावर काचतंतूंचे थर देऊन केली होती. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी 2009–10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

पॉलिएस्टर, एपॉक्सी आणि व्हिनाइल एस्टर ही तिन्ही रेझिने एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाहीत. त्यामुळे मोडक्या फायबर होडीला लोखंडासारखा भंगारात भाव येत नाही.