मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्याच्या स्मरणार्थ मराठवाड्यात दरवर्षी १७ सप्टेंबरला साजरा होणारा दिवस. देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, तरी हा प्रदेश आणखी तेरा महिने संस्थानचा शासक असलेल्या निजामाच्या अमलाखाली राहिला. त्यामुळे २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट यांखेरीज येथे वर्षातून चौथे शासकीय झेंडावंदन होते.

पार्श्वभूमी : संस्थानच्या १६ जिल्ह्यांपैकी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठीभाषक. ७ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने सामिलीकरणाचा लढा पुकारला. सरहद्दीवरील कँपांतून सशस्त्र प्रतिकार झाला, ३० जानेवारी १९४८ रोजी उमरी (जि. नांदेड) येथील बँकेवर घातलेला छापा विशेष गाजला. कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावेच्या गावे लुटली. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले; या कारवाईला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ म्हणतात. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली.

स्त्रियांचा सहभाग : धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते.

कार्यक्रम : मुख्य शासकीय समारंभ छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातील स्मृतिस्तंभापाशी होतो. सकाळी पुष्पचक्र वाहिले जाते, पोलीस हवेत बंदुकीच्या फैरी झाडून मानवंदना देतात, ध्वजारोहण होते आणि मुख्यमंत्र्यांचे भाषण होते. गावोगावी प्रभातफेऱ्या निघतात, हुतात्म्यांच्या वारसांचा सत्कार होतो.

मागण्या व निदर्शने : मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात आला, याची आठवण या दिवशी हमखास करून दिली जाते. सिंचनाचा अनुशेष आणि ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपलेले विकास मंडळ हे नेहमीचे विषय. मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाच्या सांगतेनिमित्त १६ सप्टेंबर २०२३ रोजी छत्रपती संभाजीनगरात राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली.

नावाचा व स्मृतीचा वाद : तेलंगणात याच दिवसाला २०२२ मध्ये राज्य सरकारने ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’, तर केंद्राने ‘हैदराबाद मुक्ती दिन’ म्हटले. कर्नाटकात तो ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ म्हणून होतो. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम हेच नाव रूढ आहे.

‘पोलीस अ‍ॅक्शन’नंतर झालेल्या मुस्लिमांच्या हत्यांची चौकशी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने केली. संस्थानभरातील मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला, आकड्यांबाबत मतभेद आहेत. समारंभांत या मृतांचा उल्लेख सहसा होत नाही. रझाकारांनी मारलेल्यांबरोबर त्यांचेही स्मरण झाल्याशिवाय या दिवसाचा इतिहास पुरा होत नाही. शोएबुल्ला खान यांच्यासारख्यांनी प्राण दिलेला हा लढा निजामी सत्तेविरुद्ध होता, शेजाऱ्यांविरुद्ध नव्हे.